मंडळ दर मे महिन्यात का मरतं?

वाचकाचं पत्र (नाव आणि विभाग गाळून, थोडं आखडून):

«सप्रेम नमस्कार. मी सोलापुरात एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि आमच्या विज्ञान मंडळाची यंदाची सचिव. ऑगस्टमध्ये उद्घाटन झालं तेव्हा हॉल भरला होता, साठ जणांनी नावं दिली. दुसऱ्या बैठकीला अकरा आले, चौथीला चार, आणि त्यातले तिघं आम्ही पदाधिकारीच. बैठक दर शुक्रवारी साडेपाचला ठेवतो. आता २८ फेब्रुवारीला काहीतरी मोठं करा, असं सर म्हणतात. मागच्या सचिवाकडून मला एक रबरी शिक्का, एक रिकामी फाइल आणि कपाटाची किल्ली मिळाली. कपाटात एक दुर्बीण आहे, ती कोणी वापरल्याचं आठवत नाही. पैसे कार्यक्रमानंतर बिलं लावून मिळतात, तेही उशिरा. हे मंडळ चालवायचं कसं? की बंद केलेलंच बरं?»

बंद करू नका. बंद करायचंच असेल तर ऑगस्टमधलं उद्घाटन बंद करा.

साठाचे चार झाले याचं तुम्हाला वाईट वाटतंय, पण त्यात विशेष काही नाही. उद्घाटनाला नाव देणं म्हणजे लग्नात अहेराच्या वहीत नाव लिहिण्यासारखं; त्यावरून उद्या कोण भांडी घासायला येणार हे कळत नाही. तुमच्या पत्रातली खरी काळजीची ओळ शिक्का, फाइल आणि किल्लीची आहे. मागच्या वर्षीच्या लोकांनी वर्षभर जे केलं, चुकलं, शिकलं, त्यातलं काहीही तुमच्यापर्यंत पोचलेलं नाही. म्हणजे मंडळ दर वर्षी मे महिन्यात मरतं आणि ऑगस्टमध्ये त्याच नावाचं दुसरं जन्माला येतं.

कारण साधं आहे. अभ्यासक्रम दोन वर्षांचा. पहिल्या वर्षाचे प्रवेश पुरे होता होता ऑगस्ट उलटतो. मग गणपती, मग दिवाळीच्या मागंपुढं सत्र परीक्षा. जानेवारीत गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा. फेब्रुवारीत विज्ञान दिन, मार्चपासून प्रोजेक्ट आणि नंतर परीक्षा. पदं ऑगस्टमध्ये दुसऱ्या वर्षाच्या मुलांना द्यायची पद्धत आहे. त्यांना काम कळायला लागतं तेव्हा त्यांचा प्रोजेक्ट सुरू होतो, आणि काम आलं की ते निघून जातात. पहिल्या वर्षाची मुलं तोवर खुर्चीत बसून टाळ्या वाजवत असतात.

म्हणून सूत्रं जानेवारीच्या शेवटी द्यायची, पहिल्या वर्षाला. गड्डा उठला की लगेच. तुम्ही तिघं फेब्रुवारी ते एप्रिल बाजूला उभे राहून मदत करायची. येता विज्ञान दिन नव्यांनी करायचा आणि तुम्ही त्यांच्या चुका शेजारी उभं राहून बघायच्या, मधे पडायचं नाही. (हे फार जड जातं, हात शिवशिवतात.) असं झालं की पुढच्या ऑगस्टमध्ये नव्या मुलांचं स्वागत करायला सात महिने मंडळ चालवलेली माणसं असतील.

आता सांगा, चौथ्या बैठकीला आलेला तो चौथा कोण होता? पदाधिकारी नसताना शुक्रवारी साडेपाचला आला, म्हणजे त्याला किंवा तिला यायचं होतं. पहिल्या वर्षाचा असेल तर तुमचा पुढचा सचिव मिळाला. निवडणूक, मतदान वगैरेच्या भानगडीत पडू नका.

शिक्क्याबरोबर एक जाड बांधणीची २०० पानी वही द्या. व्हॉट्सॲपच्या गटावर भरवसा नको: सचिव गेला की गट जातो, नाहीतर «हॅपी बर्थडे»च्या ढिगाखाली सगळं गाडलं जातं. प्रत्येक कार्यक्रमाला एक पान. तारीख, किती आले, खर्च, साहित्य कुणाकडून आणलं, काय बिघडलं, पुढच्या वेळी काय करायचं. «काय बिघडलं» ही ओळ कोरी ठेवायची नाही असा नियम करा, कारण पुढच्याला नेमकी तीच ओळ लागते. «कार्यक्रम उत्साहात पार पडला» हे वाक्य वहीत दिसलं तर खोडा.

आता साडेपाचची गोष्ट. तुमच्याकडची अर्धी मुलं मोहोळ, पंढरपूर, अक्कलकोट, तुळजापूर अशी एसटीच्या पासवर ये-जा करत असणार. शुक्रवारी साडेपाचला म्हणजे आठवडा संपवून घरी जायच्या गाडीच्या वेळेला तुम्ही बैठक ठेवता आणि माणसं आली नाहीत म्हणता. वसतिगृहात राहणारेच येतील, त्यातलेही काही शुक्रवारी गावी जातात. विभागांची वेळापत्रकं शेजारीशेजारी ठेवा आणि मधल्या सुट्टीला लागून कुठला तास मोकळा आहे ते पाहा. बहुतेक वेळा मंगळवार-बुधवारी असं पाऊण तासाचं भोक सापडतं. बुधवार धरू: चाळीस मिनिटांची बैठक, डबा आणायला परवानगी. फक्त खाणं वर्गात, रसायनांच्या टेबलावर नाही. वार आणि वेळ वर्षभर बदलायची नाही. दोघंच आले तरी बैठक घ्यायची, कारण «आज आहे का?» असं एकदा विचारावं लागलं की माणूस दुसऱ्यांदा विचारत नाही.

आणि त्या चाळीस मिनिटांत करायचं काय? भाषण नको. हाताला काम हवं. एक असं मोजमाप धरा की जे दर महिन्याला त्याच तारखेच्या आसपास, त्याच पद्धतीनं, वर्षानुवर्षं चालेल. सोलापुरात पाण्याइतका दुसरा चांगला विषय नाही. नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळं घरोघर पिंप, टाक्या, बोअर आणि त्यावरच्या गप्पा आहेतच. पाण्याची कठीणता (विरघळलेलं कॅल्शियम-मॅग्नेशियम) मोजणं हे बी.एस्सी.ला प्रत्येकानं एकदा केलेलं असतं आणि परीक्षेनंतर विसरलेलं असतं.

सहा ठिकाणं कायमची ठरवा: दोन नळाची, तीन बोअरची, एक विहिरीची. मुलांच्या घरची किंवा खोलीजवळची असली म्हणजे आणायला कष्ट नाहीत. महिन्याच्या पहिल्या बुधवारी सकाळी नमुना घ्यायचा. एक लिटरची प्लास्टिक बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून भरायची. बोअर असेल तर पाच मिनिटं पाणी सोडून मग भरायचं, नाहीतर तुम्ही पाइपात रात्रभर थांबलेलं पाणी मोजता.

ईडीटीए हे कॅल्शियम-मॅग्नेशियमला पकडणारं रसायन. त्याचं द्रावण ०.०१ मोलर: डायसोडियम क्षार, दोन पाण्याच्या रेणूंचा, ३.७२ ग्रॅम घेऊन ऊर्ध्वपातित पाण्यात एक लिटर करा आणि प्लास्टिकच्या बाटलीत ठेवा. काचेत फार दिवस राहिलं तर ते काचेतलेच धातू ओढून घेतं आणि तुमची तीव्रता नकळत उतरते. २५ मिली नमुना शंकुपात्रात, त्यात २५ मिली ऊर्ध्वपातित पाणी, एक ते दोन मिली अमोनिया बफर, चिमूटभर एरिओक्रोम ब्लॅक टी हा रंग दाखवणारा दर्शक. दारूसारखा तांबडा रंग येतो. ब्युरेटमधून ईडीटीए सोडत न्यायचं, तांबडी छटा पूर्ण जाऊन स्वच्छ निळा झाला की थांबायचं. ०.०१ मोलर ईडीटीएचा एक मिली म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात एक मिलिग्रॅम. नमुना २५ मिली असल्यानं वाचनाला ४० नं गुणा: ९ मिली लागले तर कठीणता ३६० मिग्रॅ प्रति लिटर. प्रत्येक नमुना दोनदा करा. दोन वाचनांत ०.१ मिलीपेक्षा जास्त फरक असेल तर तिसऱ्यांदा. सहा नमुन्यांना महिन्याला दीडशे मिलीच्या आसपास लागतं, म्हणजे एक लिटर सहा महिने पुरतं.

बिघडतं कुठं, तर तीन जागी. पहिली जागा दर्शक. त्याचं अल्कोहोलमधलं द्रावण काही दिवसांतच मरतं, आणि मेलेल्या दर्शकाचा निळा रंग कधीच नीट उघडत नाही. मग नवखी मुलं थेंबावर थेंब सोडत बसतात. कोरडं करा: एक ग्रॅम दर्शक १०० ग्रॅम मिठाबरोबर खलात घोटून घट्ट बाटलीत, मीठ प्रयोगशाळेतलं सोडियम क्लोराइड, स्वैपाकघरातलं नव्हे. हे महिनोन्‌महिने टिकतं. दुसरी जागा बफर. बाटली वारंवार उघडली की अमोनिया उडतो, पीएच १० च्या खाली येतो आणि रंगबदल ओढाताणीचा होतो. महिन्याभरानं नवा करा, आणि बाटलीवर तारीख घाला. तिसरी जागा वेळ. बफर घातल्यावर पाच मिनिटांत अनुमापन (ब्युरेटमधून ईडीटीए सोडणं) संपवायचं. कठीण पाणी त्या पीएचला जास्त वेळ ठेवलं तर कॅल्शियम कार्बोनेट साक्यासारखं बसायला लागतं आणि निळा झालेला रंग परत तांबडा होतो. «मॅडम, रंग परत येतोय» असं कुणी म्हणालं की दहातल्या नऊ वेळा हेच असतं. रंग जांभळटच अडकून राहिला तर पाण्यात लोह किंवा तांबं आहे का ते बघा. जुनी लोखंडी पाइपलाइन असली की हे होतं.

एक सूचना उन्हाळ्याची. सोलापूरच्या एप्रिलमध्ये तापलेल्या खोलीतली दाट अमोनियाची बाटली आत दाब धरून बसलेली असते. टोपणावर फडकं धरून, धूरकक्षात, तोंड बाजूला ठेवून हळू उघडायची. पहिल्या वर्षाच्या मुलानं एकट्यानं उघडायचीच नाही.

सोबत टीडीएसचं (विरघळलेले घन पदार्थ दाखवणारं) पेन ठेवा, पण त्याची परीक्षा घेऊन. ०.७४६ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड एक लिटर पाण्यात विरघळवलं की २५ अंशाला वाहकता १४१३ मायक्रोसीमेन्स प्रति सेंमी येते. ज्या पेनचा वाहकतेवरून टीडीएस काढायचा गुणक ०.५ आहे त्यानं ७०० च्या थोडं वर दाखवायला हवं. पेन भलतंच काही दाखवत असेल तर निदान ते किती खोटं बोलतं हे तरी कळतं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक १०५०० प्रमाणं (२०१२ ची आवृत्ती) विरघळलेल्या घन पदार्थांची स्वीकार्य मर्यादा ५०० मिग्रॅ प्रति लिटर आणि दुसरा स्रोतच नसेल तर २०००. एकूण कठीणतेची २०० आणि ६००. हे आकडे भिंतीवर लावा. पण «हे पाणी पिण्यायोग्य» किंवा «अयोग्य» असा फलक कधीही लावू नका. कठीणतेवरून जंतू कळत नाहीत, आणि टीडीएस म्हणजे घाण नव्हे, फिल्टरविक्रेते कितीही तसं सांगोत. एखाद्या सोसायटीच्या बोअरला तुम्ही अयोग्य ठरवलं की पुढचे दोन महिने विज्ञान बाजूला राहतं आणि भांडण उरतं.

बारा महिन्यांचे बहात्तर आकडे झाले की आलेख काढा. पावसाळ्याच्या आधी आणि नंतर बोअरचं काय होतं, नळाचं काय होतं, हे तुमच्या हातात असेल. विद्यापीठांच्या आविष्कार संशोधन स्पर्धेला दर वर्षी शेवटच्या आठवड्यात विषय शोधत फिरणारी मुलं असतात. त्यांना तिथं बसवा.

दर बुधवारी मात्र पाणीच करायचं नाही. महिन्यातून एकदा पाणी, एकदा कुणीतरी वीस मिनिटं काहीतरी दाखवायचं, उरलेले दोन बुधवार पुढची तयारी आणि साफसफाई. दाखवण्यासाठी बाहेरचा वक्ता शोधण्याआधी आपल्यात कोण आहे ते पाहा. तुमच्या वर्गात शहराच्या पूर्व भागातलं, यंत्रमागावर वाढलेलं कुणी नक्की असेल. त्याला सांगा, मागावरचं जॅकार्ड यंत्र समजावून दे. सोलापुरी चादरीवरचा मोर किंवा फूल मागाला कसं कळतं? पुठ्ठ्याच्या पत्त्यांवर भोकं असतात. भोक असेल तिथं सुई आरपार जाते, तिचा आकडा जागेवर राहतो आणि वर उचलला जाताना उभा धागा घेऊन जातो. भोक नसेल तिथं पुठ्ठा सुईला मागं ढकलतो, आकडा निसटतो आणि धागा खालीच राहतो. मग आडवा धागा पळतो. दर फेरीला नवा पत्ता. जोसेफ मारी जॅकार्डनं हे फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमारास जमवलं. भोक किंवा भोक नाही, म्हणजे एक किंवा शून्य. एक मोडका पत्ता कारखान्यातून मागून आणा आणि उजेडासमोर धरून सगळ्यांना फिरवा. नंतर जुन्या लग्नपत्रिकांच्या पुठ्ठ्यावर आठ घरांची ओळ आखून प्रत्येकानं आपल्या नावाचं पहिलं अक्षर आठ ओळींत पंचनं पाडायचं. आठ घरांत २५६ नमुने बसतात, हे तेव्हा सांगितलं की डोक्यात राहतं. संगणकशास्त्राची मुलं बैठकीला येत नसतील तर या बुधवारी बोलवा.

आता २८ फेब्रुवारी. «मोठं» म्हणजे सरांच्या मनात बहुधा पाहुणे, शाल, श्रीफळ, पोस्टर आणि रांगोळी आहे. शाल-श्रीफळ अर्ध्या तासात उरका, त्याला आमची हरकत नाही. उरलेला दिवस सहा टेबलांना द्या. टेबल निवडायची एकच अट: बघणाऱ्याचा हात वस्तूला लागला पाहिजे. आणि प्रत्येक टेबलावर दोनच माणसं, कारण पाच असली की ती एकमेकांशी बोलतात.

हा दिवस १९२८ साली रामन परिणामाचा शोध लागला त्याचा, म्हणून हमखास कुणीतरी हिरवा लेझर तेलाच्या बाटलीतून सोडतं, किरण तांबूस दिसतो, आणि खाली पाटी: «रामन परिणाम». ते चूक आहे. ऑलिव्ह तेलात किंवा पालकाच्या अर्कात दिसतं ते हरितद्रव्याचं प्रतिदीपन (एका रंगाचा प्रकाश शोषून दुसऱ्या रंगाचा सोडणं). रामन विकिरण इतकं क्षीण असतं की कोटभर फोटॉनांत एखादाच रंग बदलून बाहेर पडतो. साध्या डोळ्याला, साध्या लेझरनं, उजेडाच्या खोलीत तो दिसत नाही. प्रयोग जरूर ठेवा, पाटी बदला: «हा रामन परिणाम का नाही?» त्या टेबलावर सगळ्यात जास्त वाद होईल. लेझर मात्र टेबलाला घट्ट बांधून, भिंतीकडे तोंड करून, मुलांच्या डोळ्यांच्या उंचीच्या खाली.

दुसरं टेबल वर्णपटदर्शकाचं. जुन्या रेकॉर्ड करण्याच्या सीडीवर ब्लेडनं एक चरा पाडून चिकटपट्टी दाबा आणि ओढा. चंदेरी थर निघून येतो आणि खाली पारदर्शक चकती उरते. मिलिमीटरला सुमारे ६२५ रेघा. (डीव्हीडीनं हे होत नाही, तिचा थर दोन चकत्यांच्या मधोमध असतो.) चकतीच्या बाहेरच्या कडेचा दोन सेंटीमीटरचा तुकडा घ्या, तिथं रेघा जवळपास सरळ असतात. चपलांच्या खोक्याच्या एका टोकाला तो बसवा, दुसऱ्या टोकाला ब्लेडचे दोन तुकडे समोरासमोर लावून फट करा. फट दोन झेरॉक्सचे कागद मावतील एवढीच, आणि सीडीच्या रेघांना समांतर. वर्णपट समोर दिसत नाही, सुमारे २० अंश बाजूला दिसतो, म्हणून नजर तिरकी करायला सांगायचं. ट्यूबलाइटच्या सुट्या रेषा आणि एलईडीचा सलग पट्टा शेजारी शेजारी दाखवा. रेषा एकमेकींत मिसळल्या तर फट रुंद झाली आहे. वर्णपट वाकडा किंवा धुरकट असेल तर फट आणि रेघा समांतर नाहीत. सूर्याकडे हे खोकं कुणीही धरायचं नाही, तशी पाटी दोन बाजूंना.

तिसरं टेबल मैदानातच ठेवा. एक मीटर उंचीची काठी ओळंब्यानं उभी करा. एक अंश जरी कलली तरी सावलीत दोन सेंटीमीटरची चूक येते. सव्वाबारा ते एकपर्यंत दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकाला खडूची खूण. सूर्य बिंदू नाही, अर्ध्या अंशाची चकती आहे, म्हणून टोक सेंटीमीटरभर धूसर दिसतं; धुसरपणाच्या मध्यावर खूण करायची. सोलापुरात त्या दिवशी सर्वांत लहान सावली बाराला पडत नाही. घड्याळ ८२.५ अंश रेखांशाचं आणि आपण ७५.९ अंशावर, त्यात फेब्रुवारीत सूर्य घड्याळाच्या साडेबारा मिनिटं मागं, म्हणून १२:३९ च्या सुमाराला. लांबी ४८ सेंटीमीटर भरायला हवी. त्यावरून खमध्यापासूनचा (थेट डोक्यावरच्या बिंदूपासूनचा) कोन साडेपंचवीस अंशांच्या वर, त्यातून सूर्याची दक्षिण क्रांती (विषुववृत्तापासूनचं कोनीय अंतर) ८ अंश वजा केली की १७ अंश आणि अर्ध्याहून थोडं जास्त: सोलापूरचा अक्षांश, काठी आणि खडूनं. दहावीच्या मुलांना हे कळतं आणि आवडतं. शून्य सावलीचा दिवस आपल्याकडे ११ मेच्या आसपास, दुपारी १२:२२ च्या सुमाराला येतो. तेव्हा सगळे परीक्षेत असतात, पण पाच मिनिटांसाठी बाहेर या.

उरलेली टेबलं तुमची तुम्ही ठरवा, त्यात एक पाण्याचं असू दे. शाळांना बोलावणार असाल तर एकेका शाळेला वेगळी वेळ द्या, एका वेळी साठपेक्षा जास्त मुलं नकोत. सोलापुरात तेलुगू, कन्नड आणि उर्दू माध्यमाच्या शाळा आहेत. त्या आल्या तर त्यांची भाषा बोलणारं निदान एक माणूस टेबलांच्या मधून फिरतं ठेवा.

कपाटातली दुर्बीण आधी दिवसा काढा. वर बसवलेल्या, नेम धरायच्या छोट्या शोधक दुर्बिणीतली बटणाच्या आकाराची बॅटरी बहुधा फुटून गळलेली असेल, ती बदला. आरशावर धूळ दिसली तर पुसू नका. रुमालानं एकदा पुसला की कायमचे ओरखडे पडतात, आणि बऱ्यापैकी धूळ असली तरी चंद्र नीट दिसतो. हवेचा फुगा मारा, पुरे. खोक्यात नेत्रिकेला (डोळा लावायच्या भिंगाला) लावायचा छोटा काळा «सूर्य फिल्टर» सापडला तर तो आजच फोडून टाका. तो उष्णतेनं तडकतो, आणि तडकतो तेव्हा डोळा तिथंच असतो. मग दुर्बीण दूरच्या पाण्याच्या टाकीवर किंवा मोबाइलच्या मनोऱ्यावर लावून मुख्य नळी आणि शोधक एका रेषेत आणा. हे काम रात्री होत नाही. वर्धन काढायला नळीवर लिहिलेली नाभीय लांबी भागिले नेत्रिकेवरचा आकडा: ६५० ला २५ ची नेत्रिका म्हणजे २६ पट, १० ची म्हणजे ६५ पट. लोकांना आधी २५ ची.

आकाशदर्शन पौर्णिमेला ठेवू नका. पूर्ण चंद्रावर सावल्या नसतात, नुसती झगझगीत थाळी दिसते. कालनिर्णयात शुद्ध सप्तमी ते नवमी बघा. अष्टमीचा चंद्र सूर्यास्तालाच डोक्याजवळ आलेला असतो, त्यामुळं पावणेसातला सुरू करून साडेआठला आवरता येतं. मुलींच्या वसतिगृहाचं दार बंद व्हायच्या आत. रात्री दहाचा कार्यक्रम ठेवला की अर्धा वर्ग आपोआप वगळला जातो आणि कुणाच्या लक्षातही येत नाही. ६५ पटीला चंद्र तीन मिनिटांत नजरेबाहेर सरकतो, म्हणून एक माणूस सतत दुर्बिणीशी, दर दोन-तीन बघणाऱ्यांनंतर दुरुस्त करणारा. माणशी एक मिनिट धरा. शंभर माणसं म्हणजे पावणेदोन तास, त्याहून जास्त लोकांना बोलावू नका. लहान मुलांसाठी भक्कम स्टूल, कारण उंची पुरली नाही की ती नेत्रिकेला लोंबकळतात.

पैशाचं थोडक्यात. वर्षाची वर्गणी ५० रुपये ठेवा आणि ती उद्घाटनाला नाही, तिसऱ्या बैठकीला घ्या. साठ नाही, वीस जण देतील, आणि त्या हजार रुपयांत पाण्याचं काम भागतं. पैसे एकाकडे, हिशेब दुसऱ्याकडे. यूपीआयनं कुणाच्या वैयक्तिक खात्यावर आले तर त्याच संध्याकाळी वहीत नोंद आणि दुसऱ्याची सही. बिलं परत येतात ती बहुतेक तीनच कारणांनी: बिलाची तारीख मंजुरीच्या आधीची आहे, बिल संस्थेच्या नावावर नसून तुमच्या नावावर आहे, किंवा कच्च्या पावतीवर क्रमांकच नाही. म्हणून मंजुरी आधी. मोठा खर्च असेल तर सरांच्या नावावर ॲडव्हान्स मागा आणि पंधरा दिवसांत समायोजन करा. ॲडव्हान्स लोंबकळला की पुढच्या वर्षी सर मागणारच नाहीत.

सरांकडे वेळ मागू नका, तो त्यांच्याकडे नाही. तीन गोष्टी मागा: बुधवारी प्रयोगशाळेची परवानगी, टिपणीवर सही, आणि अमोनियासारख्या वस्तूंसाठी प्रयोगशाळा सहायकांना दोन शब्द. सहायकांना मात्र तुम्ही स्वतः जाऊन भेटा, आधीच्या आठवड्यात, काय काय लागणार त्याची यादी घेऊन. आणि वापरलेली काचपात्रं धुऊन परत द्या. मंडळाला दार उघडं राहतं की नाही, ते बऱ्याचदा या धुतलेल्या काचपात्रांवर ठरतं.

टिपणी एका पानाची: काय, केव्हा, किती जण, किती खर्च, कुठल्या लेखाशीर्षातून. विज्ञान दिनासाठीची ती या आठवड्यातच द्या, विभागप्रमुखांमार्फत. दोन प्रती न्या. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि तारीख घालून घ्या आणि ती प्रत नव्या वहीच्या पहिल्या पानावर चिकटवा.